कानवाल्या ऑफिसचे साहेब

निमगडे साहेब आधी खुर्ची देत, मग चहा देत आणि चहा संपला की नाही म्हणत. खुर्ची न देता, चहा न देता नाही म्हणणारे अधिकारी मला आयुष्यात पुष्कळ भेटले. त्यांचा मला राग नाही. कोणाला पाकीट हवं असतं, कोणाला साळ्याला नोकरीला चिकटवायचं असतं, कोणाला समोरच्यानं नुसतं वाकलेलं हवं असतं. माणसाला काही हवं असलं की सौदा होतो, आणि सौदा करण्यात माझा जन्म गेला आहे. निमगडे साहेबांना काहीच नको होतं. चंद्रपुरात त्यांच्याविषयी चांगलं बोलणारी माणसं अजून भेटतात. भेटली की मी उठून जातो. आज उठत नाही, सगळं सांगून टाकतो.

मी गोंडपिपरीकडचा. दुसऱ्यांच्या ट्रकवर बांबूचे गठ्ठे चढवत मोठा झालो. मग कर्जाचा एक जुना ट्रक घेतला, मग दुसरा, मग जंगलातले ठेके घेऊ लागलो. मला कोणी हात दिला नाही, म्हणून मी कोणापुढं हात जोडत नाही. हे सांगायचं कारण, साहेबांपुढं मला हात जोडावे लागले आणि तेही फुकट गेले.

साहेबांचं ऑफिस म्हणजे बिनतारी यंत्रांचे परवाने देणारं आणि त्यांच्यावर देखरेख करणारं सरकारी ऑफिस. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, पण दोन्ही जिल्ह्यांची हवा चंद्रपूरच्याच ताब्यात होती. भाड्याचा एक बंगला, गच्चीवर उंच खांब, खांबाला तारा. खाणीवाले, कारखानेवाले, ठेकेदार यांची यंत्रं हवेत काय बोलतात ते इथं बसून ऐकायचं. लोक त्याला कानवालं ऑफिस म्हणत. निमगडे साहेब तिथले नियंत्रक, म्हणजे सगळ्यांत वरचे. वरच्या माणसानं सही करावी, ऐकायला हाताखालची माणसं असतात. पण साहेब रोज सकाळी स्वतः ऐकायला बसत. ऐकायची चकती एकाच कानाला लावत, दुसरा कान मोकळा. एक कान हवेला, एक कान माणसाला. तुम्ही त्यांच्याशी बोलत असताना ते एकदम बोट वर करत, म्हणजे हवेत कोणीतरी बोललं. तेवढा वेळ तुम्ही तोंड बंद ठेवायचं. स्वतःच्या बापानं मला कधी असं गप्प केलं नव्हतं.

साहेब घुग्घुसचे. वडील कोळशाच्या खाणीत मजूर होते. घरी बुद्धाची तसबीर आणि पुस्तकांचं एक कपाट, बाकी सामान म्हणाल तर नाहीच. त्यांच्या वस्तीतून एवढ्या मोठ्या खुर्चीवर पोचलेला तो पहिला माणूस. ज्यांचं काम अडे ते बाहेर पानटपरीवर येऊन त्यांची जात काढत. मी ती कधी काढली नाही. शिव्या द्यायला मला दुसरे शब्द भरपूर येतात. साहेबांना हे सगळं माहीत होतं. एकदा मी त्यांना म्हटलं, जरा सैल सोडा, सगळे अधिकारी सोडतात. ते म्हणाले, "बाकीच्याइची चूक झाली तर एका मानसाची होते. माझी झाली तर लोक माझ्या साऱ्या वस्तीची मोजतीन. मले ते परवडत नाई, ठेकेदार."

त्यांचा आवडता शब्द होता 'ऐकलं'. तुम्ही तासभर गाऱ्हाणं सांगा, शेवटी ते म्हणत, 'ऐकलं.' त्यात होकार नसे आणि नकारही नसे. नवखा माणूस खुशीत घरी जाई. मी नवखा नव्हतो, तरी पहिल्यांदा मीही खुशीत घरी गेलो.

आणि दुसरं त्यांचं ठरलेलं वाक्य, "हवा साऱ्याइची आहे, म्हनून तर परवाना लागते." हे वाक्य ऐकून माझं डोकं इतकं फिरे की मी एकदा विचारलं, मग श्वासाचा परवाना कोणत्या टेबलावर मिळतो? साहेब हसले. खरंच हसले. हसून पुन्हा चहा मागवला आणि पुन्हा नाही म्हणाले.

पहिल्या अर्जाच्या वेळी मी त्यांच्या ऑफिसात बिज्याच्या लाकडाचं एक स्टूल पाठवलं. माझ्या सुतारानं जीव ओतून केलेलं, गुळगुळीत, पायांना वळणं. म्हटलं, पाकीट घेत नाही म्हणतात, स्टूल काय बोलणार आहे. साहेबांनी त्याच्यावरून हात फिरवला, लाकडाची चौकशी केली, छान आहे म्हणाले. पुढच्या खेपेला गेलो तर स्टुलाच्या पायावर पांढऱ्या रंगानं सरकारी नंबर घातलेला. स्टूल सरकारजमा. त्या दिवसापासून बाकी सगळ्यांना खुर्ची आणि मला ते स्टूल. शिपाई नेमकं तेच पुढं सरकवी. आपण दिलेल्या लाचेवर बसून आपल्याच कामाला नकार ऐकायचा, असा प्रसंग माझ्यावर किती वेळा आला ते मी सांगत नाही.

एकदा चामोर्शीच्या बाजारात त्यांना भाजी घेताना पाहिलं. दौऱ्यावर आले असावेत. एका म्हातारीनं वांग्यांचा भाव सांगितला. चढा सांगितला होता, कारण समोर पांढरा शर्ट आणि मागं जीप. भाव चढा सांगायचा, गिऱ्हाइकानं पाडायचा, मधे कुठंतरी दोघांनी भेटायचं, ही बाजाराची रीत आहे. साहेबांनी तिनं सांगितले तेवढे पैसे काढून दिले. मला बघवेना. ती म्हातारीही गडबडली. बाजारात कोणी तिला असं वागवलं नसावं. पैसे हातात धरून ती साहेबांच्या तोंडाकडं पाहत राहिली, मग वजन झाल्यावर दोन वांगी वर टाकली, मग अजून एक, मग मूठभर मिरच्या. साहेब पिशवीचं तोंड उघडं धरून उभे. मी जवळ जाऊन म्हटलं, असं करून तुम्ही बाजार नासवता. ते म्हणाले, "मी भाव करत नाई, तरी मले जास्तच भेटते. तुमी रोज भांडता, तुमाले भेटते का वरचं?" मला वरचं कोणी देत नाही हे खरं आहे. पण म्हणून हा मला बाजार शिकवणार?

एवढं मात्र मानायला हवं की ते लहानमोठा पाहत नसत. घुग्घुसकडच्या एका बड्या कारखान्यात परवान्याबाहेरचं यंत्र चालू होतं. साहेब स्वतःच्या स्कूटरवर गेले. खिशात मेणबत्ती, लाखेची कांडी आणि पितळी शिक्का. मॅनेजरनं मंत्र्याला फोन लावतो म्हणून दम दिला. साहेब म्हणाले, लावा, तोवर लाख वितळते. फोन लागेपर्यंत यंत्राच्या खटक्यावर कापडी पट्टी आणि पट्टीवर लाखेचं सील बसलं होतं. ही गोष्ट मी तेव्हा चार ठिकाणी रंगवून सांगितली. दुसऱ्याचं यंत्र बंद पडतं तेव्हा न्याय फार गोड लागतो.

आता माझ्या यंत्राचं सांगतो.

माझा बांबूचा डेपो आलापल्लीच्या पुढं, दोन नाल्यांच्या मधे होता. पावसाळ्यात दोन्ही नाले भरले की डेपोचं बेट होई. माल सांभाळायला तिथं माझा मुकादम राहायचा, लच्छू मडावी, आणि त्याची बायको जानी. आत अडकलेली माणसं जिवंत आहेत की नाहीत हे मला दिवसच्या दिवस कळत नसे. आलापल्लीला टेलिफोन होता, जंगलखात्याची होडी होती, पण बेटावरून हाक कोण मारणार? म्हणून मला दोन यंत्रं हवी होती, एक चंद्रपूरच्या माझ्या आवारात आणि एक डेपोवर. माझ्या धंद्यालाही त्याचा उपयोग होता. लपवत नाही. धंदा होता म्हणून तर लच्छूचं घर चालत होतं.

दोन पावसाळे फिरवल्यावर परवाना मिळाला. पण त्याआधी बोलणाऱ्या माणसाची परीक्षा. परीक्षेला साहेब बोलणाऱ्याकडं पाठ करून बसत. तोंड दिसलं की कान आळशी होतो, असं त्यांचं म्हणणं. लच्छू बिचारा भिंतीला टेकून उभा, आणि साहेब खिडकीबाहेर बघत त्याला शिकवताहेत. आधी आपलं हवेतलं नाव सांगायचं. मग निरोप, सावकाश, तीनदा. ओरडायचं नाही, रडायचं नाही. जीव जितका घाबरेल तितका आवाज शांत ठेवायचा, कारण घाबरलेला आवाज हवेत फाटतो. लच्छूची मराठी मोडकी, तरी तो पास झाला. आवाराला नाव मिळालं चितळ एक, डेपोला चितळ दोन.

डेपोवर त्याची मोठीच गंमत झाली. कुली लच्छूला चितळच म्हणू लागले. मीही म्हणू लागलो. त्याच्या सोयऱ्यांतसुद्धा तेच नाव रूढ झालं. तो रोज यंत्रापुढं ताठ बसून 'चितळ दोन, चितळ दोन' म्हणे, आणि मागं जानी चारोळ्या निवडत सगळं ऐके. तिला मराठी येत नव्हती, गोंडी तेवढी येत होती. पण खटका कोणता, बोलायचं कसं, थांबायचं कुठं, हे तिनं बघून बघून उचललं.

आवारातल्या यंत्रावर मी जानीच्या भावाला बसवलं होतं, राजू आत्रामला. मेव्हणे मेव्हणे बोलणार. सुरुवात मराठीत होई, आणि दोन वाक्यांनंतर गोंडीत घसरे. घसरणारच. घरच्या माणसाशी परीक्षेच्या भाषेत कोण बोलतं?

एके दिवशी मला कानवाल्या ऑफिसचं बोलावणं आलं. सांकेतिक भाषेचा वापर, असा ठपका. त्या वर्षांत जंगलात बंदूकवाले आले होते आणि पोलिसांना प्रत्येक अनोळखी शब्दाचा वास येत होता, हे मला ठाऊक होतं. तरी मला आधी हसू आलं. मग हसू गेलं.

"साहेब, हे गोंडी आहे. तुमच्या ऑफिसच्या आधीपासून हे इथंच आहे."

"मले माहीत आहे."

"मंग सांकेतिक काऊन लिहिलं?"

"माझ्या ऑफिसात ज्याले जे समजत नाई, ते नियमानं सांकेतिक."

दुसऱ्या दिवशी मी लच्छूला त्यांच्यापुढं उभं केलं. त्यानं खाली मान घालून सगळा 'संकेत' सांगितला. राजूचा कोंबडा हरवला होता. लच्छूच्या पोरीच्या, सोमीच्या, सासरी लग्न होतं आणि तिथं कोणी कोणाला मान दिला नाही याचं भांडण. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं. कोंबडा सापडला का तेही विचारलं. आणि म्हणाले, गोंडी समजणारा माणूस ऑफिसात हवा, तसं मी वर लिहितो, तो येईपर्यंत यंत्रं बंद. मी म्हटलं, माणूस मी देतो, पगार मी देतो. ते म्हणाले, बोलणाऱ्याचं मीठ खाल्लेला ऐकणारा मला चालत नाही. मी म्हटलं, मग मराठीतच बोलायची हमी घेतो. ते म्हणाले, घरच्या माणसाशी परक्या भाषेत बोलण्याची हमी कोणी देऊ शकत नाही, तुम्ही देऊ नका. म्हणजे माझी बाजूही यांनीच मांडायची आणि निकालही यांनीच द्यायचा.

मी हात जोडले. पावसाळा तोंडावर आहे, म्हटलं. ते म्हणाले, "ऐकलं."

त्या शब्दावर माझा तोल गेला. मी स्टूल लाथेनं उडवलं. त्याचा नंबरवाला पाय वर झाला. म्हटलं, "तुमची लाख माझ्या नखानं निघते. मी बोलनार. तुमी बसा ऐकत." साहेबांनी स्वतः वाकून स्टूल सरळ केलं, आणि पुन्हा तेच, ऐकलं.

डेपोवरचं यंत्र बंद करायला ते स्वतः आले. माझ्याच जीपमधून, पण पेट्रोलचा हिशोब वेगळा ठेवून.  जानीनं भात आणि अंबाडीची भाजी वाढली. ठेकेदाराच्या घरचं पाणी न पिणारा माणूस तिच्या हातचं पोटभर जेवला आणि पुन्हा भाजी मागून घेतली. मग मेणबत्ती पेटवून लाख ओतली, शिक्का दाबला. जानी बघत होती. तिनं लच्छूमार्फत विचारलं, जिवावर बेतलं तर काय करायचं? साहेबांनी तिच्याकडं तोंड करून, लच्छू गोंडीत उलथा करून सांगेपर्यंत थांबत थांबत उत्तर दिलं.

"जिवावर आलं तर लाख तोडायची, कोनाले विचारायचं नाई. सावकाश बोलायचं. तीनदा. रडायचं नाई. मी ऐकतो."

मी ऐकतो. हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. जानीनंही ऐकले.

पाऊस त्या वर्षी भलताच होता. लच्छू किराणा न्यायला चंद्रपूरला आला आणि मागं नाले भरले. तो माझ्या आवारात अडकला. डेपोवर जानी होती, आणि सोमी. सोमी पहिल्या बाळंतपणाला आईकडं आली होती, पण तिचे दिवस भरायला अवकाश होता. लच्छू रोज म्हणायचा, भाऊ, पानी उतरते की मी निघतो. आवारातलं यंत्रही साहेबांच्या लाखेखाली मुकं पडलं होतं. त्याच्यावर राजू टोपी ठेवायचा.

एका सकाळी साहेबांची जीप आवारात शिरली. मागं शिपाई, त्याच्या हातात लाख आणि मेणबत्ती. साहेब कोणाशी न बोलता थेट यंत्रापाशी गेले, टोपी बाजूला केली, सीलवर बोट फिरवलं. सील शाबूत होतं.  मग वळले तेव्हा त्यांना लच्छू दिसला. तो बांबूच्या ढिगावर बसून बशीनं चहा पीत होता.

"तू इथी? मंग डेपोवर कोन आहे?"

"घरवाली हाये साहेब. आन् सोमी."

साहेबांनी आमच्याकडं पाठ केली, परीक्षेला करत तशी. आणि बोलू लागले. गोंडीत. त्यांना त्यातला एक शब्द समजत नव्हता. पण त्यांचा कान असा होता की हवेतून जे आलं ते त्यांनी जसंच्या तसं धरून ठेवलं होतं. जानीचा सूर, जानीचं थांबणं, वाक्याच्या शेवटी तिचा किंचित चढणारा आवाज, सगळं त्या उंच माणसाच्या तोंडून बाहेर येऊ लागलं. मला गोंडी पुरेशी कळते. सोमीच्या बापाला सांगा, मूल आडवं आलं आहे. सोमीचं रक्त थांबत नाही. होडी पाठवा.

पहिल्यांदा ऐकताना लच्छूनं बशी खाली ठेवली. दुसऱ्यांदा तो उभा राहिला. तिसऱ्यांदा ऐकायला तो तिथं नव्हता, ट्रककडं धावत होता. साहेब मात्र पाठ करून तिसऱ्यांदाही पूर्ण बोलले, सावकाश, कारण त्यांनी तीनदा ऐकलं होतं.

मी विचारलं, हे कधी ऐकलं?

"काल सकाळी."

"आन् तुमी आज येऊन राह्यले?"

ते वळले. त्यांचा चेहरा मला सांगता येणार नाही. म्हणाले, "हवेतलं नाव सांगितलं नाई. बाईचा आवाज. डेपोवर लच्छू असताना बाई काऊन बोलन? आवाज शांत होता. तीनदा तेच, एका सुरात. मले वाटलं, कोनी बसवून बोलवून घेते. मले वाटलं, तुमी. तुमी म्हनलं होतं, मी बोलनार, तुमी बसा ऐकत."

मी त्यांची कॉलर धरली. शिपाई मधे आला, त्याला साहेबांनीच हातानं थांबवलं. बाजारात मी रोज शंभर माणसांना असं बोलतो. तुझी दुकानदारी बंद पाडतो म्हणतो, तुला तालुक्यात उभा राहू देत नाही म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाबरोबर भजी खातो. रागात बोललेला शब्द खरा धरायचा नसतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. जन्मात कधी भाव न केलेल्या माणसाला ते कळलं नाही. त्याची शिक्षा सोमीला का?

साहेबांनी कॉलर सोडवून घेतली नाही. मी सोडली तेव्हा ते टेलिफोनकडं गेले आणि आलापल्लीची ट्रंक लाइन मागितली. आयुष्यभर ज्यांनी आवाज चढवला नाही ते त्या दिवशी टेलिफोनवर ओरडले, घसा फुटेपर्यंत. आवाज फाटत होता. पलीकडच्याला नीट ऐकू येत नव्हतं.

होडी गेली. पोचली तेव्हा सोमी आदल्याच दिवशी गेलेली होती, पोटातलं मूलही. जानी यंत्रापुढं बसलेली होती. बॅटरी केव्हाच उतरली होती, तरी तिचं बोट खटक्यावर होतं. होडीवाल्यांनी सांगितलं, बाई रडत नव्हती.

पाणी उतरल्यावर मी गेलो. इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारलंच, दुसरं काही नाही तर चितळ दोन एवढं तरी का नाही म्हणालीस? तेवढे दोन शब्द आले असते तर साहेबांना डेपो कळला असता, लच्छू कळला असता, सगळं कळलं असतं. जानीनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काहीतरी वंगाळ बोललो. गोंडीत म्हणाली, ते सोमीच्या बापाचं नाव आहे, मी कसं घेऊ?

मशीनवरचं नाव असलं म्हणून काय झालं, नाव नवऱ्याचंच. सगळा डेपो त्याला त्या नावानं हाक मारत होता. इकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, घरातही नाही आणि हवेतही नाही. निरोप सावकाश दिला, तीनदा दिला, रडली नाही. साहेबांनी सांगितलेलं सगळं तिनं केलं, आणि म्हणूनच साहेबांना तो निरोप खोटा वाटला.

मी सरळ कानवाल्या ऑफिसात गेलो आणि हे त्यांच्या तोंडावर फेकलं. त्यांना लागावं म्हणूनच सांगितलं. साहेबांनी कानाची चकती काढून टेबलावर ठेवली. मी त्यांच्या त्या शब्दाची वाट पाहत होतो. तो आला असता तर माझ्या हातून काय झालं असतं सांगता येत नाही. पण त्या दिवशी ते 'ऐकलं' म्हणाले नाहीत.

पुढचं मला शिपायानं सांगितलं. साहेबांनी स्वतःविरुद्ध वर लिहून दिलं. चौकशीला दोन अधिकारी आले, गेस्ट हाउसवर कोंबडी खाऊन गेले आणि नियमाप्रमाणे सगळं बरोबर झालं आहे, नियंत्रकांचा दोष नाही, असं कळवून टाकलं. साहेबांनी पुन्हा लिहिलं, दोष आहे. वरून उत्तर आलं, हा विषय बंद. गोंडी जाणणारा माणूस द्या, ही मागणीही बंद. तेव्हा साहेबांनी माझा परवाना स्वतःच्या सहीनं पुन्हा चालू केला, आणि त्यात गोंडीत बोलायची मुभा घातली. कोणाला न विचारता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नियम मोडला. दोन जीव गेले त्याला शिक्षा नव्हती, या मुभेला मात्र झाली. नियंत्रकाची खुर्ची गेली, उरलेली नोकरी त्यांनी कुठल्याशा भांडारात जुनी यंत्रं मोजत काढली.

लोक म्हणतात, बघा, माणूस किती मोठा. मी म्हणतो, परवाना हातात आला तेव्हा त्या यंत्रावर बसायला कोण उरलं होतं? राजूनं यंत्राला हात लावायचं नाव काढलं नाही. लच्छू डेपो सोडून बायकोला घेऊन चामोर्शीकडं निघून गेला. इतका चांगला मुकादम मला पुन्हा मिळाला नाही. जो नियम पावसानंतर मोडता आला तो पावसाआधी का नाही? याचं उत्तर मला त्यांच्या कौतुकवाल्यांपैकी अजून कोणी दिलेलं नाही.

साहेबांना शेवटचं पाहिलं ते चामोर्शीच्या बाजारातच. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. शर्ट तोच पांढरा, पण खांदे उतरलेले, आणि मागं जीप नव्हती. मी लच्छूची विचारपूस करायला गेलो होतो. जानी तिथं चारोळ्या आणि चिंच घेऊन बसायची. मी पलीकडच्या दुकानाच्या आडोशाला थांबलो. मला त्यांच्याशी बोलायचं नव्हतं, पण बघायचं होतं.

साहेब जानीपुढं उकिडवे बसले. आणि गोंडीत बोलले. या खेपेला नुसते आवाज नव्हते. त्यांनी शब्द जुळवत विचारलं, तब्येत कशी आहे, घर कुठं बांधलं, लच्छू काय करतो. एक दोन ठिकाणी चुकले, स्वतःच सुधारलं. म्हातारपणी कोणापाशी बसून शिकले कोण जाणे. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून पाहू लागल्या.

जानीनं त्यांच्या एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. तिनं चारोळ्यांचा भाव सांगितला. मराठीत. स्वच्छ मराठीत. आमच्या डेपोवर असताना तिला एक शब्द येत नव्हता, ती भाषा तिनं मधल्या काळात शिकून घेतली होती.

साहेबांनी सांगितला तेवढा भाव दिला. जानीनं तराजू उचलला, काटा मधे येईपर्यंत दाणा दाणा टाकला, एक दाणा जास्त झाला तो काढून घेतला, आणि माल पिशवीत ओतला. साहेबांनी पिशवीचं तोंड उघडंच धरलं. त्यांना सवय होती. जन्मभर त्यांना वरचं मिळत आलं होतं.

जानीनं हात पुसून मांडीवर ठेवले.

साहेब थोडा वेळ तसेच, उघडी पिशवी घेऊन बसून राहिले.